चकती, टोपली आणि गावची बाग

शिंदखेडा, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा अशा खानदेशातील गावांत व्यापारी कुटुंबाचा दिवस ठरीव असतो. पहाटे फिरणे, स्नान, दर्शन, नाश्ता. नऊ-साडेनऊच्या सुमारास दुकानाचे शटर वर. आणि मग रात्री हिशेब जुळेपर्यंत गल्ला. घरातील तीन पिढ्या एका छताखाली राहतात, पुष्कळदा एकाच पेढीवर बसतातही. पण व्यवहाराबाहेरचा एक तास तिघांनी मिळून घालवला, असे वर्षातून किती वेळा घडते? लग्नकार्य, यात्रा आणि दिवाळीचे वहीपूजन वगळले तर फारच थोड्या वेळा. आजोबा बागेत फेऱ्या मारतात, वडील फोनवर भाव विचारतात आणि नातू दुसऱ्या फोनवर खेळतो. तिघांनाही चालण्याची गरज आहे. तिघांपैकी चालतात ते फक्त आजोबा, आणि तेही एकटे.

आजोबा, वडील आणि नातू यांना एकत्र खेळता येईल असा खेळ शोधू गेल्यास अडचणी लगेच समोर येतात. क्रिकेटला मैदान लागते आणि बागेत क्रिकेट सुरू झाले की म्हाताऱ्या माणसांना बाक सोडून उठावे लागते. बॅडमिंटन तर महाराष्ट्राच्या मातीतलेच. १८७० च्या दशकात पुण्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बांधले आणि काही काळ त्या खेळाला पुण्याच्याच नावाने ओळखले जाई. पण उघड्यावर थोडा वारा सुटला की शटलकॉक हाती लागत नाही. शिवाय चांगल्या प्रतीचे शटलकॉक आजही हंस-बदकांच्या सोळा पिसांचे असते, ही गोष्ट अनेक जैन घरांत खटकते. (प्लास्टिकचे मिळते, ते वेगळे.) विटीदांडू उरला. ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजताना आपण तेलुगू-कानडी आकड्यांची उजळणी करीत आहोत, हे मुलांच्या गावीही नसे. पण विटीने डोळा गेल्याची एखादी तरी कहाणी प्रत्येक गावात सांगितली जाते, आणि साठीच्या पुढच्या माणसाने दांडू घेऊन धावावे अशी अपेक्षाही कोणी करणार नाही.

या अडचणींतून पुष्कळ अंशी वाट काढणारा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरला आहे. त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवत एकेका खळग्यात पोहोचवतात. येथे काठी नाही, चेंडू नाही, खळगाही नाही. फ्रिसबीसारखी एक चकती हाताने फेकायची आणि ठरलेल्या जागी उभ्या केलेल्या लोखंडी टोपलीत ती पोहोचवायची. टोपली एका खांबावर, जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटर उंचीवर असते. तिच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांना लागून वेग गमावते आणि खाली टोपलीत पडते. तो आवाज ऐकण्यासाठीच माणसे पुन्हा खेळायला येतात, असे खेळणारे सांगतात. पहिली चकती जेथे पडेल तेथून दुसरी फेक, ती पडेल तेथून तिसरी. ज्याच्या फेकी कमी, तो पुढे. अशा नऊ किंवा अठरा टोपल्यांचा एक डाव. धावणे नाही, उडी नाही, अंगाला अंग लागणे नाही. फेकायचे आणि चालत जाऊन उचलायचे, एवढेच.

या खेळाच्या मुळाशी असलेली कथा व्यापारी वाचकांना विशेष रुचावी, कारण तिची सुरुवात नफ्याच्या एका साध्या हिशेबाने होते. १९३७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये फ्रेडरिक मॉरिसन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याची मैत्रीण ल्युसिल, जी पुढे त्याची पत्नी झाली, मक्याच्या लाह्यांच्या डब्याचे झाकण एकमेकांकडे फेकत होती. झाकण लवकरच चेपले. मग त्यांनी केक भाजण्याची पत्र्याची थाळी घेतली. ती जास्त चांगली उडे. पुढल्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर ती दोघे खेळत असताना एक अनोळखी माणूस आला आणि त्याने त्या थाळीचे पंचवीस सेंट देऊ केले. थाळीची बाजारातील किंमत होती पाच सेंट. पाचाचे पंचवीस! ज्याच्या रक्तात व्यापार आहे त्याला यापुढचे सांगावे लागत नाही. दोघांनी किनाऱ्यावर थाळ्या विकण्याचा धंदा सुरू केला.

मध्ये महायुद्ध आले. मॉरिसन लढाऊ विमान चालवीत असे. इटलीच्या आकाशात तो पाडला गेला आणि युद्धकैदी झाला. परतल्यावर हवेत वस्तू कशी तरते याचे जे ज्ञान विमानाने दिले होते ते त्याने थाळीला लावले. १९४८ मध्ये प्लास्टिकची पहिली चकती तयार झाली, १९५५ पर्यंत तिचा आकार सुधारला आणि १९५७ च्या जानेवारीत तिचे हक्क कॅलिफोर्नियातील व्हॅम-ओ या कंपनीने घेतले. ‘फ्रिसबी’ हे नाव कंपनीने दिले. ब्रिजपोर्ट गावच्या फ्रिसबी नावाच्या बेकरीच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी फेकत असत, त्यावरून ते आले. मॉरिसनला ते नाव मुळीच आवडले नव्हते. पण नावाचा हक्क नव्हे, मालाची स्वामित्वरक्कम महत्त्वाची, हे त्याला लवकरच पटले असावे.

त्याच व्हॅम-ओ कंपनीत एड हेड्रिक हा दुसरा माणूस होता. १९६४ च्या सुमारास त्याने चकतीच्या पाठीवर गोल रेघांच्या कडा दिल्या. त्यामुळे ती डळमळेनाशी झाली, आणि खेळणे होते त्याचे क्रीडासाधन झाले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह नावाच्या सार्वजनिक बागेत त्याने कायमस्वरूपी पहिले डिस्क गोल्फ मैदान मांडले. आरंभी तेथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. म्हणून हेड्रिकने साखळ्या आणि टोपलीची युक्ती काढली. १९७६ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना स्थापली, तिच्या सभासदांच्या यादीत पहिला क्रमांक त्याचाच होता. आणि काही वर्षांनी, १९८२ च्या सुमारास, ती संघटना त्याने खेळाडूंच्याच हवाली केली. ज्याने खेळ उभारला त्याने तो स्वतःच्या मालकीचा ठेवला नाही, ही गोष्ट त्याच्या कोणत्याही शोधापेक्षा कमी मोलाची नाही.

खरे तर हेड्रिकच्याही आधी, १९२६ मध्ये, कॅनडातील ब्लॅडवर्थ या अगदी लहान गावात शाळकरी मुलांनी हाच खेळ पत्र्याच्या झाकणांनी खेळला होता. मैदानातील वाळूवर वर्तुळे आखायची आणि झाकण वर्तुळात टाकायचे. टोपली नव्हती, साखळी नव्हती, एक पैसा खर्च नव्हता. शिंदखेड्यासारख्या गावाने या खेळाचा विचार करायचा झाला तर कॅलिफोर्नियापेक्षा ब्लॅडवर्थ हे अधिक जवळचे उदाहरण आहे.

शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे. उत्तरेला तापी आहे, तालुक्यातून बुराई वाहते, पण पाणी हा येथला जुना प्रश्न. पाऊस कमी, उन्हाळा कडक. मूळच्या गोल्फला शंभर-दीडशे एकर जमीन आणि वर्षभर हिरवळ टिकवण्याएवढे पाणी लागते. तो खेळ येथे कोणी सुचवला तर त्याला वेड्यात काढावे लागेल. चकतीच्या खेळाला हिरवळ लागतच नाही. मुरमाड जमीन, दोन-चार कडुनिंब, थोडा चढउतार, एवढे त्याला पुरते. झाडे तर हवीतच, कारण झाडाला वळसा घालून चकती कशी न्यावी यातच खेळाची गोडी आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आत असलेल्या आइसलंडमध्ये अशी साठहून अधिक मैदाने आहेत. फिनलंड आणि एस्टोनियात लहान गावांच्या बागांत, शाळांच्या मागे ती सर्रास दिसतात. बहुतेक ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

आता जमिनीचा हिशेब मांडायला हवा, कारण उत्साहाच्या भरात हाच हिशेब विसरला जातो. नवशिक्यांसाठी नऊ टोपल्यांचे छोटे मैदान नीट बसवायचे तर चार-पाच एकर जागा लागते. गावच्या बागा एवढ्या मोठ्या नसतात. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, जागा चौकोनी धरली तर तिची बाजू साधारण ६४ मीटर भरते. त्यातून कडेची चालण्याची वाट वजा करा, घसरगुंडी-झोपाळ्यांचा कोपरा वजा करा, फुलांचे वाफे आणि बाक वजा करा. मध्ये मोकळी अशी तीस-पस्तीस मीटरची लांबी उरते. नवशिका माणूस चकती सहज तीस-चाळीस मीटर फेकतो. (पट्टीच्या खेळाडूंचे बळ निराळे, २०१६ मध्ये अमेरिकेत एका तरुणाने वाऱ्याच्या साहाय्याने ३३८ मीटरची फेक केली आहे.) म्हणजे एकरभर बागेत नऊ टोपल्या बसवणे हा केवळ कागदावरचा आराखडा ठरेल. प्रत्यक्षात तेथे फिरणाऱ्याच्या पाठीत चकती बसेल आणि आठवड्याच्या आत तक्रार नगरपंचायतीत जाईल.

यावर तोड आहे, पण ती मनाचा मोठेपणा मागते. बागेत एकच टोपली ठेवावी आणि फेकण्याच्या जागा तीन असाव्यात: एक पंधरा मीटरवर, एक वीस मीटरवर, एक झाडाच्या आडून. तिन्ही जागांवरून फेक वाटेकडे न जाता वाटेपासून दूर जाईल, आणि टोपलीच्या मागे भिंत किंवा दाट कुंपण असेल, अशी मांडणी पाहावी. तिन्ही जागांवरून तीनदा खेळले की नऊ टप्प्यांचा डाव पुरा होतो. खेळाचे नियमच येथे मदतीला येतात. मैदान आखणारा ज्या भागाला ‘सीमेबाहेर’ ठरवील तेथे चकती पडली तर खेळाडूच्या खात्यावर एक फेक दंड म्हणून चढते. चालण्याची संपूर्ण वाट सीमेबाहेर ठरवून टाकावी. तसेच ‘अमुक झाडाच्या डाव्या बाजूनेच चकती गेली पाहिजे’ अशी अट घालण्याची सोयही नियमांत आहे. जेथे मुले खेळतात ती बाजू अशा अटीने बंद करता येते. पाटी लावून जे साधत नाही, ते दंडाच्या भीतीने साधते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगायला नको.

एवढ्यानेही मन निश्चिंत होत नसेल, आणि ते होऊ नयेच, तर वेळ वाटून घ्यावी. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ चालणाऱ्यांची. त्या वेळी बागेत एकही चकती उडू नये. वर्षानुवर्षे ज्यांनी ती बाग पावलांनी राखली त्यांचा हक्क पहिला. सात ते आठ खेळासाठी. रविवारी किंवा दुकानाच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी शाळेच्या दोन-तीन एकर मैदानाची परवानगी मिळाली तर तेथे पाच-सहा टप्प्यांचा खरा डाव मांडता येईल, आणि बागेतील एका टोपलीवर झालेला सराव तेथे उपयोगी पडेल.

चकत्यांची निवड हा दुसरा जपण्याचा मुद्दा. लांब जाणाऱ्या चकत्यांची कड पातळ आणि धारदार असते. वेगाने लागली तर डोके फुटू शकते. टोपलीजवळून टाकण्याच्या चकतीची कड जाड व बोथट असते, ती हळू जाते आणि सरळ जाते. बागेत फक्त ही दुसऱ्या जातीची चकतीच चालू द्यावी. तिचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत; लहान मुलांसाठी त्याहून हलकी मिळते. ऑनलाइन मागवताना चित्र पाहून भुलू नये. लांब पल्ल्याच्या चकत्या अधिक देखण्या असतात. आणि खेळाच्या नियमपुस्तकात शिष्टाचार म्हणून जे सांगितले आहे ते मुलांना पहिल्या दिवशी, चकती हातात देण्याआधी सांगावे: फेकीच्या टप्प्यात कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय चकती हातातून सोडायची नाही. कुत्रे असो, गाय असो, दाणे टिपणारी कबुतरे असोत, थांबायचे. या थांबण्याला वेळेची मर्यादा नाही आणि त्यासाठी कोणी कोणाला घाई करायची नाही. झाडाच्या खोडालाच लक्ष्य करून खेळण्याची हौसही मुलांना होते. साल सोलली जाते, म्हणून ती सुरुवातीलाच मोडावी.

आता या खेळाचा तो भाग, ज्यासाठी व्यापारी घरांनी त्याच्याकडे मुद्दाम पाहावे. या खेळात पंच जवळजवळ नसतो. मोठ्या स्पर्धांतही तीन-चार खेळाडूंचा गट एकत्र चालतो, आपल्या आणि सोबत्यांच्या फेकी तेच मोजतात, तेच लिहितात. चकती झुडपात गेली, खेळाडू एकटाच ती शोधायला आत गेला. ती नेमकी कोठे पडली होती हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक? पायाने दोन हात पुढे सरकवली तरी कोणी पाहत नाही. टोपलीपासून दहा मीटरच्या आत असताना फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकायचा नाही, असा नियम आहे. तो मोडला की नाही हेही बरेचदा ज्याचे त्यालाच कळते. चकतीच्या दुसऱ्या एका खेळात, ‘अल्टिमेट’ या सांघिक खेळात, तर जागतिक स्पर्धांतही खेळाडूच आपले नियमभंग आपण जाहीर करतात. भारतात चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर, बंगळुरूत, अहमदाबादेत तो खेळ रुजला आहे, आणि तेथे मुले-मुली एकाच संघात खेळतात. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चकतीच्या खेळांच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली. पंचाविना खेळ चालतो याचे आश्चर्य तेव्हाही अनेकांनी केले.

पेढीवर बसणाऱ्याला याचे आश्चर्य वाटू नये. जुन्या आडत-व्यवहारात शब्दावर माल जाई आणि वहीत ज्याने लिहायचे तोच लिही. नातवाला हे भाषणाने समजत नाही. पण डावाच्या शेवटी आकडे मांडताना समजू शकते. अशा एखाद्या सकाळी बागेत साधारण असे बोलणे होईल:

“दादाजी, तुमचे चार झाले.”

“पाच, बेटा. पहिली बाभळीला अडकली होती, ती तू धरली नाहीस.”

“ती दिसलीच नाही मला.”

“मला दिसली ना.”

आजोबा एका फेकीने हरतात आणि नातू काही न बोलता पाच लिहितो. पुढल्या टप्प्यावर त्याची चकती झुडपात जाते तेव्हा तो जरा जास्त वेळ आत राहतो. बाहेर येऊन तो काय सांगतो, हे वडिलांनी विचारू नये आणि आजोबांनी तपासू नये. वडीलधाऱ्यांनी लगेच उपदेश सुरू केला तर खेळ तेथेच संपेल आणि मुलगा फोनकडे परत जाईल.

वयाचा फरक या खेळात बराच पुसला जातो, पण पूर्णपणे नाही. तरुणाची चकती दूर जाते. आजोबांची जवळ पडते, पण सरळ जाते. पंधरा-वीस मीटरच्या टप्प्यावर सरळपणाला जास्त मोल असते, म्हणून लहान मैदान तिन्ही पिढ्यांना न्याय देते. ज्यांचे खांदे किंवा कंबर दुखते त्यांनी हात जोराने न झटकता नुसते मनगट वापरून टाकावे. गुडघे दुखणाऱ्यांना वाकून चकती उचलणे जड जाते, ते काम नातवंडांकडे द्यावे. घरातील स्त्रियांनी खेळायचे की नाही, असा प्रश्न उरू नये. साडी असो की पंजाबी ड्रेस, उभे राहून फेकण्यास अडचण नाही, आणि चालण्यासाठी घराबाहेर पडण्याचे निमित्त सर्वांत कमी मिळते ते त्यांनाच. ज्या गावात सून एकटी बागेत फेऱ्या मारायला संकोचते, तेथे सासू-सून-नात असा गट चकती घेऊन निघाला तर संकोच लवकर सुटतो.

फेकण्याची रीत थोडक्यात सांगता येते. चकतीची कड अंगठा वर आणि बोटे खाली अशी धरावी, हात छातीजवळ आडवा आणावा आणि मनगटाच्या झटक्याने सोडावी. गिरकी जेवढी जोराची तेवढी ती स्थिर. उजव्या हाताने अशी फेकलेली चकती वेग संपता संपता डावीकडे झुकते, म्हणून लक्ष्याच्या किंचित उजवीकडे नेम धरावा. समोरून वारा असेल तर चकती वर उचलली जाऊन उजवीकडे वळू पाहते. पाठून असेल तर लवकर खाली बसते. ज्या जिल्ह्यात साक्री तालुक्यातील पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत तेथे वाऱ्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात चकती टाकणे म्हणजे ती शेजारच्या गल्लीत पाठवणे.

आषाढात खेळायचे नाही याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात नव्या गवतावर, बारीक जीवजंतूंवर पाय पडू नये म्हणून अनेक जैन घरांत बागेतील हिरवळीवरून चालणेही टाळतात; चातुर्मासात तर वाटेवरच्या फेऱ्याही कमी होतात. हा खेळ गवतातून चालत जाण्याचाच आहे. तेव्हा आषाढ ते कार्तिक तो बंद ठेवणे योग्य, आणि त्यात तोटा काही नाही. खानदेशात बाहेर खेळण्याजोगी हवा तशीही कार्तिकानंतरच सुरू होते. कार्तिक ते फाल्गुन गवत वाळलेले, जमीन कोरडी, सकाळी गारवा. चैत्रापासून सकाळी आठनंतर ऊन सोसवत नाही. संध्याकाळची वेळ दुकानाची. शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत साडेपाच ते साडेसहा हा तास खेळाला देता येत नाही. म्हणजे वर्षाचे साडेचार-पाच महिने आणि दिवसाचा सकाळचा एक तास, एवढाच या खेळाचा हंगाम. मोसमी व्यापार करणाऱ्यांना यात नवीन काही नाही.

सुरुवातीला टोपली विकत घेण्याची घाई करू नये. हा सल्ला महत्त्वाचा आहे, कारण गावोगावच्या बागांत व्यायामाची लोखंडी यंत्रे गंजताना दिसतात. ती आणताना उत्साह होता, वापरताना राहिला नाही. पहिले दोन महिने फक्कीने जमिनीवर दीड मीटरचे वर्तुळ आखावे आणि ब्लॅडवर्थच्या मुलांसारखे त्यातच चकती टाकावी. किंवा जुन्या ट्रॅक्टरचा टायर आडवा ठेवून त्यात घमेले बसवावे. चकती आत पडली की आवाज चांगला येतो. दोन-तीन कुटुंबांत मिळून चार बोथट चकत्या पुरतात. फाल्गुनापर्यंत दर रविवारी पाच-सात घरे येत राहिली, तरच टोपलीचा विचार करावा. ती घडी करून उचलता येणारी असावी, म्हणजे बागेच्या जमिनीत खड्डा खणण्याची परवानगी मागावी लागणार नाही आणि खेळ झाल्यावर ती घरी नेता येईल. गावातील वेल्डिंगवालाही साखळी, सळई आणि एका गोल कड्यातून तशी टोपली करून देऊ शकेल. फक्त साखळ्या दोन थरांत आणि मोकळ्या लोंबत्या असाव्यात, नाहीतर चकती त्यांना लागून परत उडते.

बागेतील बाकांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात; टोपलीवरही कोणाच्या तरी स्मरणार्थ नाव घालण्याचा प्रस्ताव येईलच. त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्या देणगीतून आधी चालण्याच्या वाटेवरील खड्डे बुजवून घ्यावेत. सकाळी सहाला तेथून जाणारी माणसे संख्येने जास्त आहेत, आणि त्यांची मान्यता मिळाली तरच सातला चकती उडेल. टोपली कोणाच्या घरी ठेवायची, बागेच्या चौकीदाराला किल्लीसाठी कोणी सांगायचे आणि खेळ संपल्यावर चकत्या मोजून कोणी घ्यायच्या, हे पहिल्या रविवारआधी ठरवून एका कागदावर लिहावे. चकत्या मोजण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. चारातली एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत तो कोणालाही बागेबाहेर जाऊ देणार नाही.